याहून घरचं बरं!

मे महिन्याची सुट्टी म्हणजे पाहुण्यांचा मोसम. यंदा भिवंडीहून नणंदबाई, म्हणजे आमच्या आपा, दुल्हेभाई आणि तिन्ही मुलं आली. यांनी पहिल्याच संध्याकाळी जाहीर करून टाकलं, की आठवडाभर रात्रीची चूल बंद, जेवण बाहेर! वर्षभर शाळा, पेपरतपासणी आणि स्वयंपाक यांत पिचलेल्या मी मनातल्या मनात अल्लाहचे आभार मानले.

पहिली रात्र हायवेवरच्या एका फॅमिली रेस्टॉरंटमध्ये. मेनूकार्डावरचे चिकनचे प्रकार मुलांनी मोजले, 41 भरले. हंडी, कढाई, अंगारा, कोल्हापुरी असे चार मागवले. चार भांड्यांत चार रंग आले, चव मात्र एकच. त्यात नवल नाही. अशा ठिकाणी कांदा-टोमॅटोची लाल ग्रेव्ही आणि काजू-मगजाची पांढरी ग्रेव्ही सकाळीच मोठ्या पातेल्यात तयार असते. चिकन वेगळं उकडून ठेवलेलं असतं. ऑर्डर आली की दोन्ही कढईत परतायचं, वरून कुठे मिरची, कुठे साय. हंडीतलं चिकन हंडीत शिजलेलं नसतं, फक्त वाढलेलं असतं. दहा मिनिटांत 41 प्रकार द्यायचे तर दुसरं काय करणार? म्हणून लांबलचक मेनू दिसला की मला आता भीतीच वाटते.

दुसऱ्या रात्री मुलांच्या हट्टापायी मंदी. जमिनीवर गाद्या, मधे भलंमोठं ताट, फोटो झकास. ही मंडी मूळची येमेनमधल्या हद्रमौत भागातली. तिथे जमिनीतल्या भट्टीत खाली भात असतो, वर गोश्त लटकवतात आणि गोश्ताचा रस भातात ठिबकत राहतो. सगळी गंमत त्या ठिबकण्यात! आमच्या ताटातलं चिकन तेलात तळून पिवळ्या भातावर ठेवलं होतं. रस खाली जायचा प्रश्नच नव्हता. तिसऱ्या दिवशी दुपारी शाळेतल्या मैत्रिणींबरोबर जेवण झालं, त्याबद्दल एवढंच सांगते की गप्पा छान झाल्या.

चौथ्या रात्री यांच्या दोस्ताच्या कुटुंबाबरोबर ‘दम बिर्याणी’. दम म्हणजे झाकण कणकेनं बंद करून मंद आचेवर भात आणि गोश्त एकमेकांत मुरू देणं. ती आधी करून ठेवलेली असली तरी हरकत नाही, कुठल्याही देगीतली बिर्याणी तशीच असते. पण इथे मोकळ्या भातावर सालन ओतलेलं. तळाचा भात पांढराफटक, मसाल्याचा वाससुद्धा नाही. मटण इतकं चिवट, की अम्मींनी (माझ्या सासूबाईंनी) दोन घास चावून पाहिले आणि बोटी गुपचूप ताटाच्या कडेला सारल्या. त्यांचं वय 74, दात मोजके. एक अक्षर बोलल्या नाहीत. अन्नाला नावं ठेवू नयेत, ही नबींची (स.) शिकवण त्यांच्या अंगात मुरलेली आहे.

पुरुषमंडळी मात्र रोज न चुकता बोलत होती, “याहून घरचं बरं!” पहिल्या रात्री ते कौतुक वाटलं. चौथ्या रात्री गाडीत दुल्हेभाई म्हणाले, “उद्या जुम्मा आहे, घरीच बिर्याणी करू या.” यांनी लगेच मान डोलावली. आपांनी माझ्याकडे पाहिलं. ‘करू या’ म्हणजे कोण करणार, हे दोघींनाही ठाऊक होतं. हॉटेलवाल्याने कामचुकारपणा केला आणि त्याची भरपाई आमच्या सुट्टीतून! बाईला चार दिवस चुलीपासून सुटका मिळते ती हॉटेलच्या भरवशावर. तिथलं जेवण फसलं की ती सुटकाही जाते, हे कुणाच्या लक्षातच येत नाही.

म्हणून माझं म्हणणं, गाडीत कुरकुर करण्यापेक्षा काउंटरवर बोलावं. अन्नाचा अपमान करणं वेगळं आणि पैसे घेऊन कच्चं मटण देणाऱ्याला तसं सांगणं वेगळं. व्यवहारात माल खरा द्यावा, हेही आपल्याला शिकवलेलंच आहे. मी त्या रात्री मॅनेजरला बाजूला बोलावून अम्मींचं ताट दाखवलं. त्याने मुकाट्याने ती प्लेट बिलातून वजा केली. बिलात सर्व्हिस चार्जही लावला होता. तो देणं ऐच्छिक आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2022 मध्येच तशा सूचना काढल्यात आणि दिल्ली उच्च न्यायालयाने 2025 मध्ये त्या कायम ठेवल्यात. नम्रपणे सांगितल्यावर तोही निघाला. वेटरच्या हातात आम्ही वेगळे पैसे दिले, त्या बिचाऱ्याचा काय दोष?

आणखी एक गोष्ट, जरा कडू आहे. आपण दारावरची हलालची पाटी बघूनच आत शिरतो, त्यामुळे पर्याय मुळात थोडे. काही मालकांनी हे बरोबर ओळखलंय. गिऱ्हाईक जाणार कुठे, असा त्यांचा हिशोब असतो. ती पाटी पाहून आपण विश्वासाने बसतो, चव आणि स्वच्छतेची जबाबदारी काही त्याने संपत नाही.

शुक्रवारी आपांनीच तोड काढली. औरंगाबादचं नाव ज्याच्यासाठी घेतात तो नान-खलिया आणायचा. मुहम्मद तुघलकाने 1327 च्या सुमारास राजधानी दौलताबादला हलवली, तेव्हा फौजेबरोबर तो इथे आला असं सांगतात. खरंखोटं इतिहासकार जाणोत, पण त्याची भट्टी आणि देग दुसरं काहीच करत नाहीत, म्हणून तो जमतो. हे जुम्म्याची नमाज पढून येताना भट्टीवरून 20 नान घेऊन आले आणि बावर्चीकडून स्टीलच्या डब्यात खलिया, वर लाल तरी तरंगतेय. दस्तरखान मुलांनी घातलं. अम्मींनी नान रश्श्यात चांगला भिजवून घेतला आणि दुसरा मागितला. आम्ही दोघी बसून राहिलो. भांडी दुल्हेभाईंनी घासली, डब्याचा तेलकटपणा शनिवारी मी परत काढला.