तिसरा हिस्सा आणि गणकयंत्र

पेढीवरील गणकयंत्राने आकडेमोडीचे श्रम हलके केले, याविषयी दुमत नाही. परंतु त्याच्या पडद्यावर दिसेल तोच पुरा आकडा, असा जो समज रूढ होत चालला आहे, तो आपल्या व्यापारी बंधूंनी वेळीच सोडावा असे आम्हांस वाटते.

आठ अंकी साध्या यंत्रावर एकास तिनाने भागावे, ०.३३३३३३३ असे उत्तर येते. वास्तविक हे तिनांचे आवर्तन कधीच संपत नाही. यंत्रातील जागा मात्र संपते आणि उरलेले शेपूट ते निमूटपणे छाटून टाकते. त्याच उत्तरास तिनाने गुणिले, तर एक न येता ०.९९९९९९९ येतात. काही यंत्रे पडद्याआड चार अंक अधिक राखतात, शास्त्रीय गणनेची काही यंत्रे आवर्ती अंकावर टिंबही देतात. दुकानातल्या यंत्राकडून ती अपेक्षा करू नये. त्यावर नऊ लाखांचा तिसरा हिस्सा काढताना आधी एकास तिनाने भागून मग गुणिले, तर २,९९,९९९.९७ येतात, नऊ लाखांस सरळ भागिले, तर पुरे तीन लाख. तेव्हा गुणाकार आधी, भागाकार शेवटी.

जुन्या रुपयात ही अडचण नव्हती. बारा पैंचा आणा, सोळा आण्यांचा रुपया. तिघांत वाटला की प्रत्येकी पाच आणे चार पै, बाकी शून्य. १ एप्रिल १९५७ पासून रुपया शंभर पैशांचा झाला, आणि शंभरास तिनाने नि:शेष भाग जात नाही.

पैशा-दोन पैशांची तूट कोणी मनावर घेणार नाही. खरा धोका आहे तो भागीदारीच्या करारपत्रात. तिघांचे हिस्से ‘प्रत्येकी ३३ टक्के’ असे लिहिले, तर नऊ लाखांच्या नफ्यात प्रत्येकास २,९७,००० मिळतात आणि ९,००० रुपये कोणाचेच राहत नाहीत. भाऊ भाऊ एकत्र आहेत तोवर ही गोष्ट हसण्यावारी जाते. पुढल्या पिढीत त्याच नऊ हजारांसाठी वकील उभे राहतात. दोन-सप्तमांश हिस्सा २८.५७ टक्के लिहिला, तरीही सत्तर लाखांवर शंभर रुपये कमी पडतात. म्हणून करारात हिस्सा अपूर्णांकातच, आणि तोही अक्षरी लिहावा. एखाद्या नमुन्यात टक्केच मागितले, तर ३३.३३, ३३.३३ आणि ३३.३४ असे भरून बेरीज शंभर करावी. तो वरचा शतांश कोणाच्या नावे, हे सह्या होण्यापूर्वीच ठरवावे.