दरवाजे उघडल्यानंतरची बातमी

जायकवाडी धरणाचे दरवाजे उघडले की संकेतस्थळांवर सर्वांत आधी झळकतो तो ड्रोनचा व्हिडिओ. फेसाळतं पाणी, चढं पार्श्वसंगीत, मोठ्या अक्षरांत विसर्गाचा आकडा. छत्रपती संभाजीनगरची तहान धरणाच्या ज्या नाथसागर जलाशयावर भागते, तो भरलेला पाहण्याचा आनंद खराच आहे. पण २७ दरवाजांतून सुटणारं पाणी ही बातमीची सोपी बाजू झाली. अवघड बाजू वर, नाशिक-अहिल्यानगरच्या धरणांत असते. गोदावरीच्या पाणीवाटपासाठी नेमलेल्या मेंढेगिरी समितीच्या २०१३च्या सूत्रानुसार १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांखाली असेल, तर वरून पाणी सोडायचं. हे समजावायला हलतं चित्र उत्तम: गोदावरी, प्रवरा, मुळा यांचा नकाशा, प्रत्येक धरणातला साठा, बोटाने मागेपुढे सरकवता येणाऱ्या तारखा. असं काम क्वचितच दिसतं. त्यासाठी आकडे जुळवत बसावं लागतं, आणि तेवढी सवड वार्ताहराला कुणी देत नाही.

ध्वनीची हेळसांड तर त्याहून मोठी. छापलेला मजकूर यंत्राच्या आवाजात वाचून दाखवला की काम झालं, असं मानलं जातं.

संपादक अनंत भालेरावांच्या ‘मराठवाडा’ दैनिकाने या प्रदेशाचे प्रश्न निव्वळ शब्दांच्या बळावर घरोघरी नेले. आज वार्ताहराच्या खिशातच कॅमेरा आणि माइक आहे. त्याने कालव्याच्या शेवटच्या चारीपर्यंत जावं. तिथल्या शेतकऱ्याला त्याच्या बोलीत पुरतं बोलू द्यावं, आणि तीस सेकंदांच्या रीलसाठी त्याचं वाक्य तोडू नये.