हातातील अक्षरांचा हिशेब

महामंदीत नोकरी गमावलेले अमेरिकन वास्तुविशारद आल्फ्रेड बट्स यांनी वृत्तपत्रांतील अक्षरे मोजून एक शब्दखेळ रचला. १९४८ साली त्याला ‘स्क्रॅबल’ हे नाव मिळाले. १०० सोंगट्यांपैकी ‘ई’च्या १२, मोल प्रत्येकी एक गुण. ‘क्यू’ची एकच, मोल १० गुण. इंग्रजीत ‘क्यू’मागून बहुधा ‘यू’ येतो. म्हणून हातातील सात अक्षरांतून शब्द शोधणारा नवखा ‘क्यू’ राखून ‘यू’ची वाट पाहतो. जाणकार मात्र ‘क्यू’ला ‘आय’ जोडून प्राणशक्तीचा मूळ चिनी शब्द मांडतो व मोकळा होतो. कारण डाव संपताना हाती उरलेल्या ‘क्यू’चे १० गुण वजा होतात. दुर्मीळ माल मोलाचा खरा. वेळेवर न खपल्यास तोच तोट्यात जातो.