हक्काच्या कायद्यानेच अडवणूक

गुलामगिरीतून सुटलेल्या कृष्णवर्णीयांना गोऱ्यांइतकाच करार करण्याचा हक्क मिळावा, म्हणून अमेरिकेत १८६६ मध्ये कायदा झाला. त्याच कायद्यावर बोट ठेवून अटलांटातील ‘फिअरलेस फंड’ या गुंतवणूक संस्थेची अनुदान स्पर्धा बंद पाडण्यात आली. केवळ कृष्णवर्णीय महिलांच्याच छोट्या व्यवसायांना त्यातून २० हजार डॉलर मिळत. २०२३ मध्ये खटला झाला, जून २०२४ मध्ये अपील न्यायालयाने दोन विरुद्ध एक मताने स्पर्धा रोखली आणि सप्टेंबरमध्ये तडजोड होऊन ती कायमची गुंडाळली गेली. व्हेंचर कॅपिटलचा एक टक्काही ज्यांच्या वाट्याला येत नाही, त्यांना मिळणारी ही रक्कम कोणाच्या तोंडचा घास हिरावत होती?

पैसा वंश पाहून नव्हे, व्यवसाय पाहून द्यावा, हा आक्षेप तत्त्व म्हणून रास्तच आहे. पण बाजार तसा वागतो कुठे? पत चांगली असलेल्या कृष्णवर्णीय उद्योजकांनाही मागितलेले पूर्ण कर्ज गोऱ्यांपेक्षा कमी वेळा मिळते, हे फेडरल रिझर्व्हच्या पाहणीतच दिसले आहे. शिवाय पहिले भांडवल बहुधा घरातून उभे राहते; घर घेण्यापासूनच पिढ्यान्‌पिढ्या रोखलेल्या कुटुंबांनी तारण आणायचे कुठून? अनुदानाला हरकत घेणाऱ्यांनी निदान बँकांची दफ्तरे उघडण्याचा आग्रह धरावा. छोट्या व्यवसायांच्या कर्जअर्जांची वंशनिहाय, लिंगनिहाय नोंद ठेवण्याची तरतूद २०१० च्या ‘डॉड-फ्रँक’ या वित्तीय सुधारणा कायद्यात आहे. तिचे नियम यायला २०२३ उजाडले आणि अंमलबजावणीची मुदत त्यानंतरही वारंवार पुढे ढकलली गेली.