मक्षिकापात

मराठीत माशीला मानाची जागा नाही. पहिल्याच घासाला मक्षिकापात होतो, ठरल्या कामात माशी शिंकते, रिकामटेकडा माश्या मारीत बसतो आणि अक्कल गहाण टाकलेला नक्कलकार मक्षिकास्थाने मक्षिका ठेवतो. ही तुच्छता निरुपद्रवी आहे असे आम्हीही मानीत आलो. कॅलिफोर्नियातील एका माशीचा खटला वाचल्यापासून मात्र तसे मानवत नाही.

'डेल्ही सँड्स फ्लॉवर-लव्हिंग फ्लाय' हे तिचे नाव. (डेल्ही हे तिथल्या एका मृदाप्रकाराचे नाव, आपल्या दिल्लीचा इथे संबंध नाही.) सॅन बर्नार्डिनो आणि रिव्हरसाइड ह्या दोन परगण्यांतील वाऱ्याने रचलेल्या वाळूच्या टेकाडांखेरीज ती जगात कुठेही नाही. लांबी सुमारे अडीच सेंटिमीटर, रंग नारिंगी-तपकिरी, डोळे हिरवे. लांब सोंडेने फुलातला मध घेताना ती गुंजनपक्ष्यासारखी हवेत एका जागी तरंगते. मादी पोटाचे टोक वाळूत खुपसून अंडी घालते. अळीचे दीर्घ आयुष्य वाळूखाली जाते, आणि ते शास्त्रज्ञांनाही अजून पुरते उलगडलेले नाही. पंख फुटून ती बाहेर येते ती ऐन उन्हाळ्यात, मुख्यतः ऑगस्ट-सप्टेंबरात. त्यानंतर हाती उरतात ते मोजके दिवस. उकिरड्यावरच्या माशीशी हिचे साम्य नावापुरतेच.

सप्टेंबर १९९३ मध्ये अमेरिकी शासनाने तिला संकटग्रस्त ठरविले. त्याच सुमारास कोल्टन गावी तिच्या वाळूवर परगण्याचे सार्वजनिक रुग्णालय उभे राहायचे होते. आमच्या भाषेतला वाक्प्रचार तिथे अक्षरशः खरा ठरला. इमारत सुमारे २५० फूट सरकवावी लागली, माशीसाठी थोडी वाळू राखावी लागली, आणि खर्च कोट्यवधी रुपयांच्या घरात वाढला. 'माणूस की माशी?' असा सवाल मग गर्जू लागला.

हा सवाल आम्हांला मुळातच अप्रामाणिक वाटतो. खर्च खरा होता, तो सार्वजनिक पैशातून गेला, हे आम्ही नाकारीत नाही. पण रुग्णालय झाले. १९९९ पासून ते चालू आहे. त्या टेकाडांचा नव्वद टक्क्यांहून कितीतरी अधिक भाग गिळला तो द्राक्षमळ्यांनी, संत्र्यांच्या बागांनी, गोठ्यांनी, वसाहतींनी आणि अलीकडे मालाच्या अजस्र गोदामांनी. तेव्हा 'गोदाम की माशी?' असे कोणी विचारले नाही. प्रतिस्पर्धी म्हणून रुग्णशय्येवरचा माणूसच उभा करायचा, गोदामाचा मालक पडद्याआड ठेवायचा: अलंकाराची ही निवड ज्यांना दिसत नाही त्यांनी साहित्य शिकविण्याचे सोडून द्यावे.

वस्तुतः १९७३ च्या कायद्याने कीटकांनाही संरक्षण दिले आहे, आणि माणसाला भारी धोका ठरणारे उपद्रवी कीटक त्यातून वगळलेही आहेत. म्हणजे 'माशी' ह्या शब्दाने चालून येणारी किळस कायद्याने आधीच हिशेबात धरली होती. वृत्तपत्रांनी धरली नाही.

बांधकाम व्यावसायिकांच्या संघटनेने खटला भरला तो मात्र वेगळ्या मुद्द्यावर. ही माशी एकाच राज्यात राहते, राज्याची सीमा ओलांडत नाही. तेव्हा आंतरराज्य व्यापाराचे नियमन करण्याच्या अधिकारात केंद्राने तिला कसे गोवावे? १९९७ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने दोन विरुद्ध एक मतांनी माशीच्या बाजूने कौल दिला. १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्यास नकार दिला. बहुमतातील न्यायमूर्ती वॉल्ड ह्यांच्या युक्तिवादाचा एक आधार असा: प्रत्येक प्रजातीत उद्याचे औषध, उद्याचे जनुक दडलेले असू शकते, ती गेली तर संभाव्य व्यापारी संपत्ती गेली. विरोधी मत देणाऱ्या सेंटेल ह्यांना माशी मारण्यात व्यापार कुठे आहे हेच कळेना.

आमची पंचाईत अशी की निकाल आम्हांला हवा तो लागला, आणि तर्काच्या सरळपणात सेंटेलच सरस वाटतात. माशी वाचली ती माशी म्हणून नव्हे, न निघालेल्या औषधाची बाटली म्हणून. त्या देशाच्या राज्यघटनेत दुसरी वाट नव्हती हे मान्य. पण न्यायालयाची ती अडचण पर्यावरणवाद्यांनी आपली भाषा का करावी? 'तिचा उपयोग काय?' हा प्रश्न एकदा रास्त मानला की उपयोग न सापडल्यास तिला मारण्याची परवानगीही देऊन टाकलेली असते.

आम्ही मराठीचे अध्यापक हे बरे ओळखतो. साहित्य शिकून काय मिळणार असे विचारताच संभाषणकौशल्य, अनुवादाच्या संधी, जाहिरातक्षेत्र अशी यादी आम्हीच पुढे करतो आणि पुढल्या वर्षी त्याच यादीने विभागाचे माप काढले की हवालदिल होतो. तुकारामबुवा कोणत्या क्षेत्रातील संधी?

असो. माशी आजही संकटग्रस्तांच्या यादीत आहे. कोल्टनच्या परिसरात गोदामांच्या मधल्या उरल्यासुरल्या वाळूत, रानबकव्हीटच्या झुडपांशी, ऑगस्टच्या भर दुपारी ती अजून तरंगते. तिच्या नावाचे फलक लावून राखलेल्या तुकड्यांपेक्षा विक्रीला काढलेले तुकडे अधिक महाग आहेत, एवढे सांगायला अर्थशास्त्रज्ञ लागत नाही.