आपला खाऊ, आपणच करू! : खजूर-शेंगदाण्याचे लाडू

बालमित्रांनो, शाळा सुटून घरी आलं की दप्तर एकीकडे, बूट दुसरीकडे आणि आपण थेट स्वयंपाकघरात! ‘आई, भूक!’ हा पुकारा घरोघर ठरलेलाच. अशा वेळी हाताशी काही नसलं, की वेफर्सच्या पाकिटाकडे हात जातो. आज आपण या वेळेसाठी डबाभर खाऊ करून ठेवू या. साखर नको, पाक नको.

पौष्टिक खाऊ म्हटलं, की काजू-बदामच डोळ्यांसमोर येतात. मग ‘आपल्याला कुठले परवडायला!’ असं म्हणून विषय संपतो. पण एक गंमत सांगू? १०० ग्रॅम बदामांत साधारण २० ग्रॅम प्रथिनं असतात आणि १०० ग्रॅम शेंगदाण्यांत २५ च्या आसपास! शिवाय शेंगदाणा हा सुकामेवा नव्हेच. तो हरभरा-वाटाण्याच्या कुळातला, जमिनीखाली शेंग धरणारा. तेव्हा मित्राच्या डब्यात बदाम दिसले, तर आपला डबा मुळीच लपवू नका!

साहित्य : १ वाटी शेंगदाणे, १ वाटी बिया काढलेला मऊ खजूर, २ चमचे तीळ, २ चमचे बेदाणे, पाव चमचा सुंठपूड, चिमूटभर मीठ.

कृती : आधी शेंगदाणे निवडा. सुरकुतलेले, काळे पडलेले, बुरशी आलेले दाणे काढून टाका. बुरशीचं विष भाजूनही पूर्ण जात नाही, म्हणून इथे काटकसर नको. आता ताई, आई किंवा बाबांना शेजारी उभं करून मंद आचेवर दाणे ८-१० मिनिटं भाजा. तीळ वेगळे भाजा. ते तडतडू लागले, की लगेच उतरवा, नाहीतर कडू होतात.

दाणे गार झाले, की चोळून सालं पाखडा आणि खलबत्त्यात जाडसर कुटा. मिक्सर वापरायचा असेल, तर मोठ्यांनी थांबत थांबत फिरवावा. एकसारखा फिरवला, तर दाण्यांना तेल सुटून गोळा होतो.

खजुराची प्रत्येक बी निघाली ना, हे बोटांनी चाचपून पाहा. एक बी राहिली, तर कुणाचा तरी दात जायचा! खजूर बारीक चिरून कोरड्या हातांनी मळा. त्यात कूट, तीळ, बेदाणे, सुंठ, मीठ घालून लहान लिंबाएवढे लाडू वळा. १२ ते १५ होतील. मिश्रण भुरभुरीत वाटलं, तर चमचाभर तूप घाला, पण पाणी घालू नका. जंतूंना वाढायला पाणी लागतं. ते नसलं, की घट्ट झाकणाच्या डब्यात लाडू आठवडाभर छान राहतात.

यातले बेदाणे बहुधा आपल्या सांगली-तासगावकडचे असतील. साधारण चार किलो द्राक्षं वाळवावी, तेव्हा एक किलो बेदाणा मिळतो. म्हणूनच तो इतका गोड!

आता जरा गंभीर गोष्ट. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते १९ वर्षांच्या मुलींपैकी सुमारे ५९ टक्के मुलींना रक्तक्षय असल्याचं आढळलं. सारखा थकवा, पायऱ्या चढताना लागणारी धाप याला ‘आळशीपणा’ म्हणून हसू नका. तीळ आणि शेंगदाण्यांत लोह असतं, पण ते अंगी लागायला ‘क’ जीवनसत्त्वाची मदत होते. म्हणून लाडवासोबत पेरूची फोड किंवा आवळा खा. लाडू आणि चहा मात्र एकत्र नको, कारण चहामुळे लोह नीट शोषलं जात नाही. आणि हो, लाडू म्हणजे औषध नव्हे. शाळेत लोहाची गोळी मिळत असेल, तर ती घ्यायचीच.

तीन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. पहिली : घरातल्या पाच वर्षांखालच्या भावंडांना अख्खे दाणे देऊ नका, ते घशात अडकतात. दुसरी : डबा वाटून खाण्याआधी ‘तुला शेंगदाणे, तीळ चालतात ना?’ असं विचारा. काहींना त्यांची ॲलर्जी असते. अंगावर गांधी येतात, ओठ सुजतात, कधी श्वासही कोंडतो. असा मित्र ‘नको’ म्हणाला, तर ‘एक घास खाल्ल्यानं काय होतंय?’ असा आग्रह अजिबात करू नका. असं काही झालंच, तर ताबडतोब मोठ्यांना सांगून त्याला दवाखान्यात न्या. तिसरी : खजूर दातांना चिकटतो. एक-दोन लाडू पुरे आणि नंतर खळखळून चूळ भरा.

पालकांनो, ओटा थोडा पसरेल, तीळ जमिनीवर सांडतील. रागावू नका. गॅसजवळ तेवढं उभं राहा, बाकीचं मुलांना करू द्या. स्वतः वळलेला लाडू मूल आवडीनं खातं आणि दुसऱ्यालाही देतं.

मग, येत्या रविवारी करणार ना? पहिला लाडू मात्र घरात रोज सगळ्यांना वाढून शेवटी जेवायला बसणाऱ्या माणसाला द्या हं!