घुमटाखालचा हिशेब

मुंबईच्या बोरीबंदरावरील रेल्वेच्या मुख्य कचेरीचा इतिहास सांगताना काही तपशील ठरलेले असतात. वास्तुशिल्पी फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स, १८७८ ते १८८८ हा बांधकामाचा काळ, सोळा लाख रुपयांहून अधिक खर्च आणि २००४ मध्ये युनेस्कोने दिलेला जागतिक वारशाचा दर्जा. हे सारे खरे आहे. परंतु वास्तू कोणाच्या पैशावर आणि कोणाच्या घामावर उभी राहिली याविषयी जो इतिहास मौन पाळतो, तो मालकाची प्रशस्ती ठरतो.

ही कचेरी ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे या लंडनच्या कंपनीची. १८४९ च्या कराराने तिच्या भागधारकांना भांडवलावर ५ टक्के परताव्याची हमी मिळाली होती. जमीन विनामूल्य, उत्पन्न कमी पडले तर तूट हिंदुस्थानच्या महसुलातून भरून द्यावयाची. नफा झाला तर कंपनीचा, तोटा झाला तर रयतेचा, असा हा व्यवहार! देशाच्या संपत्तीचा ओघ परदेशी कसा वाहतो हे दाखविताना दादाभाई नौरोजींनी रेल्वेवरील व्याजाचाही हिशेब मांडला, तो उगाच नव्हे.

दुसरा हिशेब मनुष्यबळाचा. घाट ओलांडल्याखेरीज कंपनीला दख्खनचा कापूस मुंबई बंदरात आणता येत नव्हता. १८५६ ते १८६३ या काळात बोरघाट फोडला गेला. १८६१ मध्ये तेथे चाळीस हजारांहून अधिक माणसे राबत होती. पटकी, ताप आणि सुरुंगांचे अपघात यांनी त्यांतील हजारोंचा बळी घेतला. थकलेल्या मजुरीसाठी १८५९ च्या जानेवारीत मजुरांनी उठाव केला. त्याच वर्षी मूळ ठेकेदाराने काम सोडले. भारतीय कामगार चळवळीचा आरंभ शोधणाऱ्यांनी या घाटाकडे अवश्य पाहावे.

कचेरीच्या दर्शनी भागावर मात्र कंपनीच्या धुरीणांचे मुखवटे कोरलेले आहेत. त्यांत नाना शंकरशेट आणि जमशेटजी जीजीभॉय हेही आहेत. प्रवेशद्वाराशी ब्रिटनचा सिंह आणि हिंदुस्थानचा वाघ बसविला, घुमटावर 'प्रगती'ची मूर्ती उभारली. त्या प्रगतीसाठी घाटात मेलेल्या मजुराला या दगडी दरबारात स्थान मिळाले नाही.

१९२५ मध्ये सरकारने कारभार हाती घेतला, १९५१ मध्ये मध्य रेल्वे स्थापन झाली. मालक बदलला, मालकाची वृत्ती बदलली काय? १९३० च्या फेब्रुवारीत जी. आय. पी.चे कामगार संपावर गेले ते परकीय राजवटीत. १९७४ च्या मे महिन्यात आठ तासांचा दिवस आणि बोनस मागणाऱ्या रेल्वे कामगारांना स्वतंत्र भारताच्या सरकारने हजारोंच्या संख्येने तुरुंगात घातले, त्यांच्या बायकामुलांना क्वार्टरांतून बाहेर काढले.

१९९६ मध्ये व्हिक्टोरियाचे नाव जाऊन शिवछत्रपतींचे नाव आले, २०१७ मध्ये त्याला 'महाराज' ही उपाधी जोडली गेली. परकीय राणीचे नाव गेले हे योग्यच झाले. परंतु रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नये अशी ताकीद देणाऱ्या राजाचे नाव धारण करणाऱ्या वास्तूवर एक जबाबदारीही येते. वारसा जपावयाचा तर कमानी आणि घुमट यांच्या जोडीला बोरघाटचे मजूर आणि १९७४ चे संपकरीही त्या वारशात मोजले पाहिजेत. दगडांची डागडुजी पुरातत्त्वज्ञ करतील. स्मृतीची डागडुजी कामगार संघटनांनाच करावी लागेल.